सहा ककार आणि एक कोयता

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी द्यावयाच्या प्रवेश-मुलाखतीची तयारी ही बीड जिल्ह्यात हळूहळू आकाराला आलेली एक स्वतंत्र विद्याशाखा असून, उमेदवाराला जे ठाऊक असते ते मुलाखतीत बोलायचे नसते आणि जे बोलायचे असते ते ठाऊक असण्याची गरज नसते, पाठ असले की पुरते, हा तिचा मूलभूत सिद्धान्त होय. या सिद्धान्ताला अनुसरून उमेदवार, मग तो आष्टीचा असो वा अंबाजोगाईचा, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे निघण्यापूर्वी महिनाभर वर्तमानपत्र वाचणे थांबवतो आणि ‘चालू घडामोडी’ वाचू लागतो. चालू घडामोडी म्हणजे ज्या केव्हाच घडून गेल्या, परंतु परीक्षेत अद्याप चालू आहेत, अशा घटनांचा पुस्तिकारूप संग्रह.

या विद्याशाखेचा पहिला भाग इतिहासाचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू होऊन आगरकर त्याचे पहिले संपादक झाले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ प्रसिद्ध झाला, एवढे उमेदवार एका दमात म्हणून दाखवतो. जांभेकर त्या वेळी जेमतेम विशीत होते आणि दहा वर्षांनी स्वतःला कोठे पाहता, असे त्यांना कोणत्याही निवड-मंडळाने विचारले नव्हते, या बाबीकडे मात्र अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. विचारले असते, तर प्रामाणिक उत्तराला फारसे गुण मिळाले नसते. कारण ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले.

दुसरा भाग तत्त्वांचा. पत्रकारितेत का यावेसे वाटते, या प्रश्नावर ‘समाजसेवा’ आणि ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ ही दोन उत्तरे प्रमाण मानली जातात. वास्तविक असा स्तंभ राज्यघटनेत कोठेही नाही. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ मधील प्रत्येक नागरिकाच्या भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच येते. तथापि मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरील ‘प्रेस’ या अक्षरांच्या रूपाने तो उभा असलेला, आणि पोलीस दिसताच अधिक ताठ झालेला, आढळतो.

तिसरा भाग ‘आपल्या जिल्ह्याविषयी सांगा’ या प्रश्नाचा असून तो सर्वांत सोपा समजला जातो. अकरा तालुके, परळीचे ज्योतिर्लिंग, अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि बीडचे कंकालेश्वर मंदिर, या क्रमाने उत्तर देऊन शेवटी रेल्वेचा उल्लेख केला जातो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडपर्यंत गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली. काय, कोण, कधी, कोठे, का आणि कसे हे सहा प्रश्न, म्हणजेच बातमीने ज्यांची उत्तरे द्यावीत ते सहा ककार, उमेदवार गायत्रीमंत्रासारखे जपतो. परंतु मधली तीस वर्षे ‘कधी’मध्ये मोडतात की ‘का’मध्ये, हे त्याला पुस्तिकेने सांगितलेले नसते.

याच ककारांची खरी परीक्षा घेणारा दस्तऐवज अनेकदा उमेदवाराच्या घरीच, फळीवरच्या डब्यामागे, पडलेला असतो. तो म्हणजे उचलीची वही. उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाने मजुराला आगाऊ दिलेली रक्कम. ती हंगामभर तोडलेल्या उसातून फेडायची असते आणि फिटली नाही, तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. वहीत हिशेब ‘कोयत्या’चा असतो. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, तर ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. परंतु उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असल्याने ‘कोण’ या ककाराला अर्धेच उत्तर मिळते आणि पहाटेपासून मोळ्या वाहणारी बाई नावाशिवायच कारखान्यापर्यंत पोहोचते.

२०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि जिल्ह्यातील सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे आकडे उमेदवाराला तोंडपाठ असतात, कारण ते पुस्तिकेत आहेत. शेजारच्या चुलतीने कर्ज काढून तीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढच्याच हंगामात पुन्हा फड गाठला, हे त्याला त्याहून चांगले ठाऊक असते, परंतु ते पुस्तिकेत नसल्यामुळे तो मंडळासमोर त्याविषयी अक्षर काढत नाही. अशा रीतीने मूलभूत सिद्धान्त सिद्ध होतो.

मुलाखतीस निघताना प्रमाणपत्रांच्या फायलीत प्लास्टिकचे एखादे पाकीट रिकामे राहतेच. त्यात त्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स ठेवावी आणि जिल्ह्याविषयी विचारले, की ज्योतिर्लिंगाआधी ती काढावी.