वर्ध्याला 11 टक्के

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते आणि गोंदियाला पोचते. 1300 किलोमीटरहून जास्त प्रवास, पण राज्याची वेस ओलांडायची नाही हे तिचं व्रत. त्यामुळे नागपूर पूर्वेला असलं तरी ती आधी उत्तरेला पुण्यापर्यंत जाते, दौंडला पूर्वेचा विचार करून बघते, तो सोडून मनमाडपर्यंत पुन्हा वर चढते आणि मग एकदाची विदर्भाच्या वाटेला लागते. घाई असलेल्यानं या गाडीच्या नादी लागू नये. मला घाई नव्हती. सांगलीपासून नागपूरपर्यंतचा अख्खा वेळ मला वाचायला हवा होता.

निमित्त भाचीच्या लग्नाचं, आणि मुहूर्त ऐन नवतपातला. नवतपा म्हणजे मेअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की त्यानंतरचे पहिले नऊ दिवस. या दिवसांत नागपूरकर स्वतः घराबाहेर पडत नाहीत. घरात लग्न काढून इतरांना पाडतात.

वाचनाची सोय पुतण्यानं केली. माझ्या ई-रीडरमध्ये त्यानं आदल्या रात्री शेकड्यांनी पुस्तकं भरली आणि म्हणाला, "काका, एकदा चार्ज केलं की आठवडे न् आठवडे बघायला नको." हे खरंही असतं. या यंत्राचा पडदा मोबाइलसारखा सतत जळत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या, कुप्यांत काळे-पांढरे कण. वीज दिली की कण वर-खाली होतात, अक्षर उमटतं, आणि नंतर वीज काढून घेतली तरी अक्षर जागचं हलत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या मंडळींनी 1997 साली या शाईसाठी कंपनी काढली. थोडक्यात, पान उलटलं तरच खर्च. माझा वाचनाचा वेग पाहता ती बॅटरी माझ्या निवृत्तीपर्यंत पुरायला हरकत नव्हती.

सांगलीला 100 टक्के होते. साताऱ्याला 88 झाले. पुण्याला 74.

समोरच्या बाकावर गोंदियाचे एक गृहस्थ होते. महालक्ष्मीचं दर्शन घेऊन परत निघालेले, आणि ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात कांदा बाळगणारे. दौंड सोडल्यावर त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी जाणवलं. "काऊन जी, बातमी वाईट आहे का?" मी यंत्र दाखवलं. तिथून पुढे आमच्या कूप्यात स्टेशनांची नावं विचारणं बंद झालं. भल्या पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं आणि विचारलं, "काय आलं?"

"मनमाड असेल."

"मनमाड मलेही दिसून राहिलं. तुमचं काय आलं?"

माझं 51 आलं होतं. रात्रभर मी झोपलो होतो, यंत्रही झोपलं होतं, एक पान उलटलं नव्हतं. चार्जिंगचा एकुलता एक पॉइंट वरच्या बर्थवरच्या मुलानं रात्रीच ताब्यात घेतला होता, आणि त्याची वायर मोबाइलसकट त्याच्या पोटाखाली गेली होती. भुसावळला 36 टक्के असताना चहावर पैजा लागल्या. अकोल्याच्या पुढे जात नाही, हे बहुमत. मी अर्थातच नागपूरच्या बाजूनं होतो. अकोल्याला 23 निघाले आणि बहुमतवाल्यांनी निमूटपणे चहा पाजला. वर्ध्याला 11. बुटीबोरीच्या आसपास पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं आणि तिथंच थांबलं. मेलेलं यंत्र आपल्या मरणाची पाटी अशी विजेशिवाय दाखवत राहतं, हा त्या शाईचा मोठाच गुण. गोंदियाच्या गृहस्थांनी खिशातला कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. "ठेवा. तुम्हाले नाही, त्याले."

दाजी स्टेशनवर आले होते, डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून. नागपुरात उन्हाळ्यात माणूस ओळखायचा तो चालीवरून. 1925 साली बांधलेल्या त्या दगडी स्टेशनाच्या सावलीतून बाहेर पडलो आणि माझ्या लक्षात आलं की सांगलीला आम्ही ज्याला ऊन म्हणतो, त्याला इथं कुणी विचारणार नाही.

दाजींचा जन्म कोराडीच्या औष्णिक केंद्रात गेला. आता निवृत्त आहेत, पण विजेशी संबंध तुटलेला नाही. घरातला ट्यूबलाइट मिणमिणला तरी ते "ट्रिप झाला" म्हणतात. मुलीच्या लग्नाला थोडेच दिवस उरले होते, केटररचा फोन वाजत होता, आणि दाजींनी माझं यंत्र हातात घेतलं. ताईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथं लिहिण्यासारखी नाही.

"केवढी आहे बॅटरी?"

"1700 मिलिअँपिअर-तास."

"म्हणजे 3.7 व्होल्टनं सव्वासहा वॅट-तास." त्यांनी पत्रिकेच्या पाकिटावर आकडे मांडले. "कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यातला एक पुऱ्या भारावर चालला, तर एका सेकंदात अशा 29 हजार बॅटऱ्या भरतील. आणि तुम्ही एक घेऊन रडून राहिले."

घरात तोवर निदान सुरू झालं होतं. दाजींच्या आईच्या मते यंत्राला ऊन लागलं होतं. त्याला कूलरसमोर ठेवून पन्ह्याचा हात लावावा. एका काकूंनी ते फ्रिजमध्ये सांबारवडीच्या डब्यावर ठेवलंही. मी धावत जाऊन काढलं. गार यंत्र बाहेरच्या दमट हवेत आणलं की आत दव धरतं, आणि कूलरच्या खोलीतली हवा दमटच असते. पण आजींचं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं. माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात 35 अंशांपर्यंतच वापरा असं छापलंय. लिथियमची बॅटरी त्याहून फार तापली की लवकर म्हातारी होते, आणि तापलेली असताना चार्जिंगला लावणं तर फारच वाईट. नागपुरानं 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश पाहिलेले आहेत.

"आणि 24 साली 56!" शेजारचे काका दारातून म्हणाले.

इथं घरात दोन पक्ष पडले. 2024 च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर खरोखरच 56 अंश दिसले होते, आणि देशभर बातमी झाली होती. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. दाजी खात्याच्या बाजूचे. काकांनी मात्र 56 अजून सोडलेले नाहीत. ऊन मोजायला ठेवलेलं यंत्रच उन्हानं बिघडलं, यापेक्षा मोठा पुरावा तुम्हाला काय पाहिजे, असा त्यांचा सवाल आहे. मला तो बिनतोड वाटतो.

दाजींनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि डायरी उघडली. वर लिहिलं: "युनिट – मामा (सांगली)". खाली वेळ आणि टक्के असे दोन रकाने. कंट्रोल रूममध्ये दर तासाला नोंद घ्यायची सवय त्यांच्या हाडात आहे. "आधी लोड कुठं आहे ते पाहू. एकेक फीडर बंद करत जाऊ." यंत्र रात्री थंड वेळेला पूर्ण भरलं. पहिला फीडर, पानामागचा उजेड: तो मी भर दुपारी खिडकीशी बसूनही सगळ्यात वर ठेवला होता. बंद केला. उतार थोडा मंदावला. दुसरा, वायफाय: चालू राहिलं तर यंत्र ओळखीचं नेटवर्क शोधत बसतं, आणि सांगलीच्या घरचं नेटवर्क काही जळगावात भेटत नाही. विमान मोड लावला. आणखी मंदावला. तरीही तासागणिक टक्के जातच होते, तेही यंत्र झोपलेलं असताना.

"सगळे फीडर बंद, तरी लोड आहे," दाजी हळू आवाजात म्हणाले. "आत कोणीतरी काम करून राहिलं."

पाठ गरम लागते का, ही याची साधी खूण. पण मे महिन्यात नागपुरात हा प्रश्न बाद ठरतो. पाठ गरमच होती. भिंतही गरम होती. माठाशेजारचा पेलाही.

मग यंत्र दुरुस्तीवाल्याला दाखवायला बर्डीवर जायचं ठरलं. दाजी जयप्रकाश नगरला राहतात. तिथून मेट्रोची नारिंगी मार्गिका सरळ सीताबर्डीला जाते. पण दाजी तिथं उतरले नाहीत. "बसा हो. आत थंड आहे." आम्ही एक स्टेशन पुढे, झिरो माइलला गेलो. थोरल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला तो 1907 चा वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे दाजींनी मला डब्याच्या थंडाव्यातून बाहेर येऊन अर्धं मिनिट दाखवले. माझं यंत्र आणि शून्य मैल यांवरचा विनोद त्यांनी तिथं केला, म्हणून मी तो पुन्हा करत नाही. मग उलट्या मेट्रोनं परत सीताबर्डी.

बर्डीवरच्या गल्लीतलं दुकान एका खाटेएवढं होतं. पहिल्या माणसानं यंत्र कानाशी हलवून पाहिलं आणि "बॅटरी गेली, बदलून टाकू" म्हणाला. दाजींनी विचारलं, फुगली का? नाही. मग कशावरून गेली? यावर तो आत गेला तो परत आलाच नाही. त्याच्याजागी एक चष्मेवाला पोरगा आला. त्यानं शोधाची खिडकी उघडली आणि मन मानेल तशी अक्षरं टंकली, कुठल्याच भाषेत नसलेला शब्द.

"असं काऊन?" दाजी.

"पाहा ना काका."

यंत्रानं तो शब्द कुठंच नसल्याचं कळवलं आणि खाली एक यादी दिली: ही पुस्तकं अजून धुंडाळायची बाकी आहेत. यादी संपत नव्हती. पोरानं समजावलं की नवं पुस्तक आलं की हे यंत्र त्यातला शब्द न् शब्द वाचून सूची करतं, म्हणजे पुढेमागे शोधायला सोपं. एकदम शेकडो पुस्तकं टाकली की ते दिवसच्या दिवस तेच करत बसतं. आणि त्यात एखादी फाइल बिघडलेली असली की तिथंच अडकून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. म्हणजे मी सांगलीपासून ज्या पुस्तकाचं चौथं पानही पार केलं नव्हतं, त्या पुस्तकासकट सगळं भांडार यंत्र माझ्या वतीनं रात्रभर वाचत होतं. पाहुण्याच्या घरी वाचनाचा एवढा ध्यास मी प्रथमच पाहिला.

अडकलं कुठं होतं? यादीच्या टोकाला रसेलसाहेबांचं 1908 चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर. कुणीतरी स्कॅन करून, त्यातून मजकूर ओढून काढलेली प्रत. जाण्याआधी गावाची माहिती असावी म्हणून पुतण्यानं घातलेली. गाडी कऱ्हाडच्या पुढे जाण्याआधीच माझं यंत्र नागपुरात रुतून बसलं होतं.

पोरानं ती फाइल काढली, बटण 40 सेकंद दाबून यंत्र मुळापासून नव्यानं सुरू केलं, आणि सांगितलं की आज रात्री चार्जिंगला लावून ठेवा, बाकीचं वाचून होऊ द्या त्याला. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. दाजींनी त्याला लग्नाची पत्रिका दिली.

दुसऱ्या दिवसापासून आकडा हलायचा थांबला. माझ्या मते तिथं प्रकरण मिटलं. दाजींच्या मते तिथून निरीक्षणाचा काळ सुरू झाला. हळदीच्या दिवशी अंगाला हळद लागलेली असताना त्यांनी 99 ची नोंद केली. लग्नाच्या संध्याकाळी यंत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. लॉनवर कूलरचे मोठे पंखे घोंघावत होते, मंगलाष्टकं चालू होती, आणि आठ वाजले तशी वधूपित्याची चुळबूळ सुरू झाली. डायरी घरी राहिली होती. अक्षता पडताच ते आहेराच्या टेबलाकडे गेले, तिथली वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि समाधानानं परत येऊन जावयाचे पाय धुवायला बसले.

आहेराची वही दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसमोर वाचली गेली. आजी चष्मा लावून वाचत होत्या, बाकीचे कूलरसमोर पसरले होते. चिखलीचे काकाजी, 1100. भंडाऱ्याच्या आत्याबाई, 501 आणि साडी. मग त्या थांबल्या. वही डोळ्यांजवळ नेली.

"मामा, सांगली. सत्त्याण्णव." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अन् तीन रुपये कायले वाचवले बापा?"