सात हजार शंभर वेळा मंडई

आमच्या घरात कापडी पिशव्यांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई असते ती मंडईत, ऐन वेळी, हातात. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर एकीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा त्या इतक्या कोंबल्यात की दार पुरतं उघडत नाही. आत जायचं तर अंग चोरून जावं लागतं. मुंजीत मिळालेल्या, पैठणीच्या दुकानातल्या, शिवाय दिवाळीत उटण्याबरोबर घरपोच आलेल्या, हात जोडलेल्या इच्छुक उमेदवाराच्या. या शेवटच्या प्रकारात दोडके भरले की साहेबांचे गाल फुगतात. लेकीने सांगितलं, की ती कापडाची नसतेच, पॉलिप्रोपिलीनची असते. दिसायला कापड, आतून प्लास्टिक. सगळ्याच पक्षांची.

२३ जून २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीचा बडगा उगारला गेला, तेव्हा पुणेकरांचा उत्साह पाहण्यासारखा होता. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड! पाच हजारांसाठी पुणेकर काय वाटेल ते करेल, आणि भरायचे असतील तर मग विचारूच नका. लोक मटणाला डबे घेऊन गेले, दह्याला किटली. नेमाने नेऊ लागले म्हणता म्हणता भाजीच्या गाड्यांवरच्या पोत्याखालून ती काळी, पातळ पिशवी हळूच परत डोकावू लागली.

मग लेकीने पानांचं चित्र छापलेली सेंद्रिय कापसाची पिशवी आणली. भारीतली होती. त्याच आठवड्यात डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ सालचा अभ्यासही तीच वाचत बसली. नुसता हवामानबदल धरला तर साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरली की तिकडच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी होते. पण कापसाला लागणारं पाणी, खतं, सगळंच हिशेबात घेतलं तर ७,१०० वेळा वापरावी लागते. आणि सेंद्रिय कापसाची? २०,००० वेळा.

"बाबा, रोज नेली तरी पंचावन्न वर्षं," ती हबकून म्हणाली.

साध्या सुती पिशवीचं साडेएकोणीस वर्षांत भागतं, म्हणजे ती मी निदान नातवाच्या स्वाधीन करू शकेन. सेंद्रिय पिशवीसाठी मात्र मृत्युपत्रच करावं लागणार.

शिवाय डेन्मार्कवाल्यांनी आमची मंडई पाहिलेली नाही. कापडी पिशवीला शिस्त लागते: तळाला कांदे-बटाटे, मग फ्लॉवर-दुधी, सगळ्यात वर टोमॅटो आणि कोथिंबीर. आमच्या मंडईत शिरताना आधी टोमॅटोच लागतात, बटाटे पार शेवटी. तेव्हा टोमॅटोंकडे न बघता तडक टोकाला जायचं आणि उलटं फिरत यायचं. "काका, टोमॅटो बघून जा की!" ही हाक रोज कानाआड करायची. परतेपर्यंत टोमॅटोवाल्या मावशींकडचे लाल, घट्ट टोमॅटो संपलेले आणि मावशी रागावलेल्या. "मघाशी तोंड वळवून गेलात ना? धरा आता पिशवीचं तोंड!" म्हणून त्या उरलेले मऊ टोमॅटो ओततात. प्लास्टिकमध्ये प्रत्येक भाजीला स्वतंत्र खोली मिळते, कापडात चाळ. बटाट्याची माती कोथिंबिरीला लागते आणि मिरच्या घरी आल्यावर वांग्यात सापडतात.

माझ्या आईला यातलं काहीच अडत नाही. तिची पिशवी बाबांच्या जुन्या टेरिकॉटच्या पँटची आहे. कमरेचा भाग तोंडाला, पट्ट्याचे लूप तसेच, आणि बाहेरच्या बाजूला मागचा खिसा शाबूत. त्यात सुटे पैसे. भाजीवाल्याला पैसे देताना ती त्या खिशात हात घालते, तेव्हा शेजारी उभ्या बाबांचा हात नकळत मागे जातो. ती पँट आधी त्यांनी बारा महिने तेरा काळ वापरली होती आणि अजून वापरायची त्यांची तयारी होती. एकदा बसस्टॉपवर त्यांनी ती नीट निरखून पाहिली.

"ही माझी पँट आहे," ते म्हणाले.

"होती," आई म्हणाली.

हल्ली ती पिशवी एका बंदाशी उसवलीय. परवा मी कामाला निघालो तर आई दारात उभी राहून माझ्या राखाडी पँटकडे बघत होती. वरून खाली, मग घेर. मी घाईघाईने म्हटलं, "आई, ही चांगली आहे अजून!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "विरलेल्या कापडाला बटाटे पेलवत नाहीत."