फियाटवाले

फियाटवाले ही जमात पुण्याच्या पेठांत, दादरला, कोल्हापुरात अजून तग धरून आहे. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून पाव शतक होत आले, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात कायमची उतरली. पण यांच्या तोंडी गाडी ‘फियाट’च. वय साठीपुढचे, खिशात दहा-अकराचा पाना आणि गाडीबद्दल वाईट ऐकून घ्यायची अजिबात तयारी नाही.

यांच्या आयुष्यातला मोठा शोध म्हणजे पेट्रोलचा वास. तो त्यांना स्वतःला कधीच येत नाही. एकाच वासात काही मिनिटे काढली की माणसाचे नाक त्याची दखल घेणे सोडते. इथे तर चाळीस वर्षांचा सहवास. त्यामुळे पहिली खबर घरातून येते. “अहो, पेट्रोलचा वास मारतोय.” यावर ठरलेले उत्तर, “कार्बोरेटरची गाडी आहे, थोडा येणारच.” हे अर्धे खरे आहे. तापलेले इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होऊन काही वेळ वास येतो. सकाळी थंड गाडीलाही येत असेल, तर मात्र कुठेतरी गळते आहे. फियाटवाले हे जाणून असतात, फक्त घरात कबूल करत नाहीत.

कबुली रविवारी सकाळी बॉनेट उघडून दिली जाते. स्वतःचे नाक निकामी असल्याने उसनी नाके लागतात. प्रथम वॉचमन, मग पेपरवाला, शेवटी क्लासला निघालेली शेजारची मुलगी. “इथे वास घे. आता इथे. कुठे जास्त येतो?” मुलगी घाईघाईने कुठेतरी बोट दाखवते आणि तो भाग त्या दिवशी उघडला जातो.

तपासाची सुरुवात नेहमी कार्बोरेटरपासून होते, कारण तिथे हात सहज पोचतो. आतला फ्लोट पेट्रोलवर तरंगतो आणि पातळी पुरेशी झाली की सुईने वाट बंद करतो. सुईखाली कचरा अडकला की पेट्रोल वाहू लागते. मेस्त्रींच्या भाषेत गाडी ‘ओव्हरफ्लो मारते’. मग पाळी इंजिनच्या अंगावरच्या पंपाची. त्यातला डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकते. म्हणून फियाटवाले डिपस्टिक काढून हुंगतात, काहीच न कळल्याने ती बायकोच्या नाकाखाली धरतात, आणि दुपारचे जेवण अबोल होते. त्यानंतर रबरी पाइप. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, आणि 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागल्याने फियाटवाल्यांना तासभर बोलण्याचा विषय मिळाला आहे. त्या तासात पाइप तपासायचा राहून जातो.

अंधारात पाहायला काडी ओढावी, असे सुचवणारा एखादा शेजारी असतोच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते. त्या शेजाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत.

एवढे सगळे झाले तरी वास तिथेच, आणि तोही मागच्या सीटवर. इंजिन पुढे आणि वास मागे, ही गोष्ट सगळ्यांत आधी लक्षात यायला हवी होती. पण बॉनेटखाली डोके घालण्यातले सुख डिकीत नाही. शेवटी मेस्त्री येतो. तो काहीही हुंगत नाही. “टाकी फुल केल्यावरच येतो ना?” एवढेच विचारतो. फियाटवाले एरवी पाचशेचे पेट्रोल टाकतात. टाकी फुल होते ती फक्त गावी जाताना. येताना आंब्याच्या पेटीला आलेला वास त्यांनी बागायतदाराच्या खात्यावर टाकलेला असतो. टाकीचे तोंड आणि टाकी यांना जोडणारा रबरी तुकडा चिरलेला असला, तर पेट्रोल त्या उंचीला पोचेपर्यंत गळत नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती डिकीच्या तळाशी साचते आणि सीटमागच्या फटीतून आत येते.

टाकीच्या पत्र्यालाच भोक पडले असते तर फियाटवाल्यांनी कपडे धुण्याचा साबण चोळून ते बुजवले असते. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे हा इलाज बरेच दिवस टिकतो; त्यांच्याकडे वर्षानुवर्षे टिकतो. चिरलेल्या रबराला मात्र साबण चालत नाही, नवे घालावे लागते. दोन क्लिपा आवळून मेस्त्री पैसे घेतो. त्यानंतरचा आठवडाभर फियाटवाले सोसायटीत सांगत फिरतात की आपल्याला संशय पहिल्यापासून डिकीचाच होता.

जुना रबरी तुकडा ते टाकून देत नाहीत. असली वस्तू आता मिळत नाही म्हणून फडक्यात गुंडाळून ती डिकीतच ठेवली जाते, आणि पुढच्या रविवारी मागच्या सीटवरून पुन्हा तक्रार येते.