मेहुण्याचे पाहुणे

युनायटेडचे गोल्ड सभासद व्हायला विमानात पुष्कळ बूड झिजवावे लागते. ते झिजवून एडिसनचे एखादे कुलकर्णी नेवार्कहून शिकागोला निघतात, युनायटेड क्लबच्या काउंटरवर ऐटीत कार्ड दाखवतात. उत्तर मिळते, ‘देशांतर्गत प्रवासाला चालत नाही, सर.’ मागे उभा मेहुणा. विमान तेच, पण कार्ड एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे गोल्ड. त्याला मात्र ‘या, बसा’, शिवाय सोबत एक पाहुणा चालेल! म्हणजे युनायटेडच्या निष्ठावंताने युनायटेडच्याच लाउंजमध्ये शिरायचे ते मेहुण्याचा पाहुणा म्हणून.

एअर इंडिया २०१४ पासून युनायटेडच्याच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीत आहे आणि अलायन्सच्या लेखी दोन्ही गोल्ड सारखेच. पण घरच्या माणसाला क्लबची वार्षिक वर्गणी विकायची असते. परक्याला करारामुळे नाही म्हणता येत नाही. युतीत हे चालायचेच. अमेरिकन एअरलाइन्सही देशांतर्गत प्रवासात स्वतःच्या बड्या सभासदांना नुसत्या कार्डावर आत घेत नाही. तिच्या युतीतल्या ब्रिटिश एअरवेजचा सिल्व्हरवाला मात्र खुशाल आत जातो.

तेव्हा अमेरिकेतल्या मंडळींनो, बसा खुशाल युनायटेडमध्ये. मैल तेवढे परक्याच्या खात्यात जमवा.