सुलभ कर्जबाजारीपणा (सहा सोप्या पाठांत)

प्रस्तावना

गरिबीत कर्ज होण्यात कौशल्य काही नाही. पाऊस दगा देतो, घरात दुखणे निघते, मुलीचे लग्न ठरते आणि माणूस सावकाराच्या दारात उभा राहतो. त्यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व ते काय? खरी कला आहे ती घरात महिन्याला तीन लाख येत असताना सव्वीस तारखेला धाकट्या भावाला ‘पाच हजार पाठव ना, एक तारखेला देतो’ असा निरोप धाडण्यात.

प्रस्तुत लेखक आणि त्याची बायको, दोघेही हिंजवडीत नोकरीला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ३ लाख १० हजार. एवढ्या प्रतिकूल परिस्थितीवर मात करून आम्ही जे साधले, ते नवशिक्यांनाही साधावे म्हणून हा प्रपंच.

साहित्य: पगार दोन, क्रेडिट कार्डे तीन, सिबिल स्कोअर ७५०च्या वर, नुकतीच नवी गाडी घेतलेला शेजारी एक. वही-पेन लागत नाही. असल्यास माळ्यावर टाकावे.

पाठ १: किंमत विसरा, हप्ता विचारा

कोणतीही वस्तू घेताना ‘केवढ्याला?’ हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. तो आपल्या आईवडिलांचा प्रश्न. आपण विचारायचे, ‘महिन्याला किती बसेल?’

आम्ही वाकडला फ्लॅट बघायला गेलो ते दोन बेडरूमचा घ्यायचा म्हणून. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी गार, हातात कोल्ड कॉफी, आणि समोरचा मुलगा कॅल्क्युलेटरवर बोटे नाचवत म्हणाला, “सर, थ्री बीएचकेला फरक फक्त चौदा हजारांचा. महिन्याला.” त्या ‘महिन्याला’च्या आधी त्याने किंचित श्वास घेतला होता. त्या श्वासात २० वर्षे मावली होती. आम्हाला ऐकू आले ते फक्त चौदा हजार.

८० लाखांचे कर्ज, ६.७ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, हप्ता साधारण ६०,६००. कर्ज ७५ लाखांच्या वर गेले की बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देते. उरलेल्यासाठी दोघांचे पीएफ, आईची एफडी आणि लग्नातल्या पाटल्या, अशी घरातली सगळी झाकणे उघडावीत. वर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क आहेच. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर त्यात एक टक्का सवलत मिळते. आम्ही दोघांच्या नावावर घेतले. समानतेवर आमचा विश्वास आहे, आणि तो एक टक्का महाग आहे.

तिसऱ्या बेडरूममध्ये सध्या इस्त्रीचे कपडे आणि एक ट्रेडमिल राहते. ट्रेडमिलवर टॉवेल छान वाळतात.

पाठ २: बँकेचे मेसेज वाचू नका

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ वर नेला. आमचे कर्ज रेपोला बांधलेले, त्यामुळे व्याज ६.७ वरून ९.२ वर गेले. हप्ता मात्र तेवढाच राहिला. आम्ही म्हटले, बँक भली दिसते!

भलेपणा असा होता. मुद्दल जेमतेम ७८ लाखांवर आलेले. त्यावर ९.२ टक्क्यांनी महिन्याचे नुसते व्याज ५९,८०० होते. म्हणजे ६०,६०० भरले की मुद्दलातून कमी होणार ८०० रुपये. एवढ्या पैशात आम्ही दोघे मिसळ आणि कॉफी घेतो. अशा वेळी हप्त्याऐवजी मुदत वाढते. ती किती वाढली हे सांगणारा मेसेज येतो, आणि तो ‘तुम्हाला प्री-अप्रूव्ह्ड लोन मंजूर’ या बारा मेसेजांच्या मधोमध असतो. तो तिथेच राहू द्यावा. जागरूक होऊन बँकेत गेलात तर हप्ता वाढवून मुदत आटोक्यात ठेवण्याचा पर्यायही पदरात पडेल. मग अभ्यासक्रम अर्धवट राहिला म्हणून आम्हाला दोष देऊ नये.

पाठ ३: सण वाया घालवू नका

ऋण काढून सण करू नये, असे जुनी माणसे म्हणत. आपण सणाचे निमित्त करून ऋण काढायचे. साडेतीन मुहूर्त पंचांगानेच दिलेले आहेत, वर धनत्रयोदशी आहे. इतक्या शुभ दिवसांवर नुसते श्रीखंड खाऊन गप्प बसणे म्हणजे मुहूर्ताचा अपमान.

आम्ही दसऱ्याला गाडी घेतली. शोरूममध्ये गाडीवर साटिनचे कापड होते. ते ओढायला आम्हा चौघांना उभे केले, पेढे दिले, आणि हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढला. फोटो काढल्यावर पुठ्ठ्याची किल्ली परत घेतली, पुढच्या कुटुंबाला हवी होती. खरी किल्ली मिळाली, गाडी पाच वर्षांसाठी बँकेकडे तारण राहिली. महिना २९,४००. जुनी गाडी उत्तम चालत होती, पण शेजाऱ्यांच्या नव्या गाडीला सनरूफ होते. पुण्याच्या उन्हात ते उघडता येत नाही आणि पावसात उघडायचे नसते, हे नंतर कळते.

पाठ ४: मिनिमम ड्यू हा देवाचा प्रसाद समजा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. मोठा आकडा भ्यायचा, छोटा भरायचा.

समजा थकबाकी २ लाख. पाच टक्के धरून मिनिमम ड्यू १०,०००. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ७,०००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,२६०. भरले १०,०००, नवे चढले ८,२६०, फिटले १,७४०. हा हिशेब झाला त्या महिन्यात कार्डाला हातच लावला नाही तर. पण लावायचा. कारण एकदा बाकी पुढे ढकलली की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते, आणि आज घेतलेल्या कोथिंबिरीच्या जुडीवर आजपासूनच व्याज चालू होते. एवढी मौल्यवान कोथिंबीर आपल्या आजीने पोह्यांवर कधी पेरली होती का?

या कार्डावर एअरपोर्टचे लाउंज फुकट मिळते. तिथला उपमा आम्ही वर्षातून दोनदा आवडीने खातो.

पाठ ५: बचत करत करत खर्च करा

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा शब्दप्रयोग तोंडपाठ करा. यात व्याजाएवढी सूट दाखवून व्याज शून्यावर आणलेले असते. त्या न दिसणाऱ्या व्याजावरचा जीएसटी मात्र दिसतो, प्रोसेसिंग फीही दिसते, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला दिसत नाही. आम्ही असा फ्रिज घेतला. त्याच्या दारातून बर्फ पडतो. आमच्याकडे सरबताशिवाय कशात बर्फ घालत नाहीत.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपवर ८० रुपयांचे दही मागवताना डिलिव्हरीचे ३० रुपये वाचवायचे असतात. त्यासाठी आणखी १२० रुपयांचे काहीतरी घ्यावे. आमच्या घरी अशा बचतीतून जमलेल्या सोया सॉसच्या सहा बाटल्या आहेत.

पाठ ६: जोडीदाराला पैशाचे विचारू नका

हा सर्वांत महत्त्वाचा पाठ. बाकीचे पाच चुकले तरी हा एक पक्का असेल तर विद्यार्थी नापास होत नाही.

दोघांची खाती वेगळी, कार्डे वेगळी, हप्तेही वाटून घेतलेले. विचारणे म्हणजे संशय, आणि सुशिक्षित घरात संशय घेत नाहीत. घरात वादच नसल्याने लोकांना आमच्या संसाराचे कौतुक वाटे. मुळशीकडच्या एनए प्लॉटसाठी मी पर्सनल लोन काढले, तिने घराच्या फर्निचरसाठी काढले, आणि दोघांनीही एकमेकांना नुसता हप्ता सांगितला. एसआयपी ती करते आहे असे मी समजत होतो. मी करतो आहे असे ती समजत होती. गैरसमज इतका जुळून यायला पत्रिकाच जमावी लागते.

धोक्याची सूचना

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला बँकेपासून धोका नाही. स्कोअर चांगला आहे तोवर ती आणखीच देईल. धोका आहे तो घरी राहायला येणाऱ्या आईपासून.

मागच्या दिवाळीत माझी आई महिनाभर राहायला आली. तिने स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगले आणि रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहायला लागली. एक, एक, दीड, खाडा. “अगं, ॲपवर दिसतं ते,” मी म्हणालो. “तुला दिसतं. तू बघतोस का?” ती म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने पूजेत मांडायला जमाखर्चाची वही मागितली. घरात वही नव्हती. मग तिने मिठाईच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा सोलला, मुलाचे पेन घेतले आणि आम्हा दोघांना समोर बसवले. “सांगा एकेक.”

आम्ही सांगत गेलो. घर ६०,६००. गाडी २९,४००. प्लॉट ३४,०००. फर्निचर २१,०००. कार्डांवरचे हप्ते आणि मिनिमम ड्यू, सगळे मिळून २७,५००. प्लॉटचा आकडा निघाल्यावर ती थांबली. “अरे, पण किंमत किती?” मी सांगितली. बायको पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिने फर्निचरची सांगितली, ती मी पहिल्यांदा ऐकली. आईने हातचे धरत बेरीज केली, १,७२,५००, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुठ्ठा लक्ष्मीच्या फोटोला टेकवून उभा केला. रागावली नाही, उपदेश केला नाही. “येणं सांगा आता,” एवढेच म्हणाली. रुपयातले पंचावन्न पैसे पगार आल्या दिवशीच निघून जात होते, आणि हे गणित सातवीच्या पुस्तकातले होते. आम्ही दोघेही इंजिनीअर आहोत.

म्हणून बजावतो. दोघांनी एका वेळी, एका कागदापुढे बसू नका. बसलात तर त्या कागदाला खोड्या सुचतात. सर्वांत जास्त व्याजाचे कार्ड आधी फेडा म्हणतो. गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो, याची आठवण करून देतो. प्लॉट विकायचा का, असे विचारतो. चार महिन्यांत आमची दोन कार्डे बंद झाली, आणि प्लॉटला गिऱ्हाईक शोधणे सुरू आहे.

आई गावी गेली, पुठ्ठा इथेच आहे. दर एक तारखेला आम्ही दोघे त्याच्यापुढे उभे राहतो, एक आकडा खोडतो, खाली नवा लिहितो, आणि त्यावरून थोडे भांडतोही. लग्नाला अकरा वर्षे झाली, पैशावरून भांडण हे पहिलेच. लोहचुंबकाने तो फ्रिजच्या दारावर लावला आहे, बर्फ पडतो त्याच्या जरा वर.

फ्रिजचे तीन हप्ते राहिलेत.