पेशीत शिरू पाहणाऱ्यांसाठी सूचना

आतड्याच्या अस्तरातील पेशींत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या तमाम रेणूंनी व आयनांनी खालील मजकूर नीट वाचूनच रांगेत उभे राहावे. चौकशीची खिडकी नाही.

आधी आपली पात्रता तपासावी. पेशीपटलाची जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर, पण मधला थर सगळा मेदाचा. प्राणवायूसारख्या लहान आणि विद्युतभाराच्या भानगडीत न पडलेल्या मंडळींना कोणी अडवत नाही. गर्दीकडून मोकळ्या जागेकडे सरकत राहायचे, यालाच विसरण म्हणतात. मद्यार्कही असाच बिनदिक्कत आत जातो, हे पाहून कोणी मन कडू करून घेऊ नये. त्याचे तेलाशीही जमते आणि पाण्याशीही. अशांचे कुठेच अडत नाही.

पाण्याने फार विचार करू नये. जिकडे क्षार आणि साखर जास्त, तिकडे मुकाट्याने जावे. बऱ्याच पेशींनी त्याच्यासाठी ॲक्वापोरिनची खास दारे ठेवली आहेत. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना 2003 मध्ये नोबेल मिळाले. पाण्याला काही मिळाले नाही.

आता ग्लुकोज. आपण गोड आहोत, पेशीला आपली गरज आहे, तेव्हा बोलावणे येईलच, या भ्रमात राहू नये. आपण आकाराने मोठे आणि पाण्यात रमणारे. मेदाचा थर आपल्याला उभे करणार नाही. म्हणून सोडियमचे दोन आयन गाठावेत आणि त्यांच्या ओळखीवर आत जावे. एसजीएलटी-1 नावाचे वाहक प्रथिन दोन सोडियमसोबत एक ग्लुकोज सोडते. 1960 साली रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडगोळी प्राग येथे प्रथम मांडली.

सोडियमला आत जायची एवढी घाई का? कारण पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप त्याला अखंड बाहेर काढत असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. वशिला चालत नाही, दर फेरीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू रोख मोजावा लागतो. आत सोडियमचा तुटवडा राहतो, म्हणून पुढच्या दाराशी त्याची झुंबड. ग्लुकोज फुकट आत गेले असे वाटते खरे, पण बिल मागच्या दाराशी फाडलेले असते.

साखर-मीठ आत गेले की पाणी मागोमाग जाते. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर ओतायला लावते, पण ही जोडीची वाट तशीच चालू राहते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावला. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. एवढ्या स्वस्त उपायाला मान मिळायला वेळ लागतोच: त्यांना पद्मविभूषण 2023 मध्ये, मरणोत्तर.

शेवटची सूचना रेणूंना नाही, घरातल्या मोठ्यांना आहे. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी आणावी आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घालावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पोराला आवडावे म्हणून साखर वाढवू नका. जास्तीची साखर आतड्यातच राहते, उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते.