तीन इंच वरचे दादा

नवी मुंबईतल्या ओवे गावात दादांना ओळखायला चेहरा पाहावा लागत नाही. पाहायचा म्हटला तरी दिसत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की डोळ्यांसमोरून आधी टायर जातो, मग मडगार्ड, मग दाराची खालची कड. दादा त्याच्याही वर कुठेतरी, काळ्या चष्म्याआड, एक कोपर खिडकीबाहेर टाकून बसलेले असतात. आपण खालून हात करतो. वरून हॉर्न वाजतो. भेट झाली.

दादा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. ओव्यात ते आहेत, तसे पेंधरला आहेत, तळोज्यात आहेत, कळंबोली-कामोठ्यालाही आहेत. वय पंचवीस ते चाळीस. मनगटात कडं, गाडीच्या मागच्या काचेवर आई एकवीरा. धंदा विचारला तर ‘बिल्डिंग मटेरियल’, म्हणजे आजूबाजूला टॉवर उठताहेत त्यांना रेती, खडी, विटा पुरवणं. पिकअप घेताना घरात दिलेलं कारणही तेच असतं : ‘साइटवर लागते.’ ती साइटवर रोज जाते हे खरं. पण रेती डंपरमधून जाते, विटा टेम्पोतून जातात आणि पिकअपमधून दादा जातात. हौद्यात एकदा क्रिकेटच्या बॅटी ठेवल्या होत्या. रंगावर ओरखडा आला, तेव्हापासून हौद्यात फक्त ऊन आणि पाऊस यांनाच प्रवेश आहे.

गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोराने विचारलं होतं, “फोर बाय फोर दाखवू का?” दादा म्हणाले, “आपल्याला काय हिमालय चढायचाय?” किंमत वाजवी, विचार व्यवहारी. २०२१ मध्ये भारतात आलेल्या इसुझूच्या हाय-लँडरसारख्या पिकअपला इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची दोन चाकं वळायला आणि शोभेला. सायन-पनवेल महामार्गावर याहून जास्त काही लागत नाही.

पण मग एक दिवस सिग्नलला शेजारी थार येऊन उभी राहिली. थारमधल्या माणसाने दादांकडे मान खाली करून पाहिलं, की दादांना तसं वाटलं, हे आता सांगता येणार नाही. जानेवारी २०२३ पासून थारसुद्धा फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर चालणारी मिळते, त्यामुळे तोही गडी यांच्याच पंगतीतला असायची शक्यता दाट होती. पण बाहेरून ते कळत नाही. बाहेरून फक्त उंची कळते. दुसऱ्या दिवशी दादा कळंबोलीत होते.

कळंबोली म्हणजे लोखंड बाजार, ट्रक आणि ट्रकांचे डॉक्टर. तिथले मिस्त्री रोज दहा चाकांच्या गाड्यांचे पाटे उतरवतात. दादांची मागणी ऐकून मिस्त्रीने आधी चहा मागवला. मग समजावलं. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर बसेल. मागे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा जाईल, आणि तो धरायला लांब यू-बोल्ट लागतील, जुने चालणार नाहीत. दोन इंचांपर्यंत ठीक. त्यापुढे गेलात तर मागच्या शाफ्टचा कोन बिघडतो, सत्तरच्या पुढे गाडी थरथरते, ब्रेकची नळी ताणली जाते, पुढचे बॉलजॉइंट ओरडायला लागतात.

“म्हणजे चार इंच होतील,” दादा म्हणाले.

“दोन,” मिस्त्री म्हणाले.

“तीन करा, तुमचं नाही माझं नाही.”

मिस्त्रीने शेवटी दोन इंचांचाच संच बसवला आणि उरलेला एक इंच टायरातून काढून दिला. हा मिस्त्री कुठल्या कॉलेजात गेला नसेल, पण त्याने केलं ते गणिताला धरून होतं. दादांच्या पिकअपचे मूळ टायर २४५/७० आर १६ मापाचे, म्हणजे व्यास साधारण ७४९ मिलिमीटर. नवे २६५/७५ आर १६, व्यास साधारण ८०४. वाढ ५५ मिलिमीटरची. पण चाक जेवढं खाली वाढतं तेवढंच वरही वाढतं, म्हणून गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, २७ मिलिमीटर. इंच पुरा झाला.

यात एक मेख आहे आणि ती दादांना कुणी सांगत नाही, सांगितली तरी ते ऐकत नाहीत. स्पेसर आणि ठोकळे यांनी बॉडी वर जाते, बंपर वर जातो, दादा वर जातात. मागच्या एक्सलच्या मधोमध लटकणारा डिफरन्शियलचा गोळा मात्र जिथे होता तिथेच राहतो. रस्त्यातला दगड आधी त्यालाच गाठतो. तो गोळा उचलण्याची ताकद फक्त टायरमध्ये आहे. म्हणजे तीन इंचांच्या खर्चात दगडाच्या दृष्टीने झालेली प्रगती एक इंचाची. बाकीचे दोन इंच सिग्नलवरच्या थारवाल्यासाठी.

टायर मोठा झाला की मीटरही खोटं बोलायला लागतो. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मीटर मात्र जुन्याच हिशेबाने फेरे मोजतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ने धावत असते. हजार किलोमीटर चाललं की नोंद ९३२ ची. दादांना यातलं दुसरं फार आवडलं. “विकताना गाडी कमी चाललेली दिसेल,” ते म्हणाले. पहिल्याबद्दल कॅमेऱ्याची पावती आली तेव्हा त्यांनी मीटरला दोष दिला. शिवाय जड चाक फिरवायला इंजिनाला दम लागतो आणि थांबवायला ब्रेकला. डिझेल जास्त जातं, आणि ओडोमीटर कमी मोजत असल्याने ॲव्हरेज खऱ्याहूनही वाईट दिसतं. त्यावर दादांचं उत्तर ठरलेलं आहे : “ॲव्हरेज बघायचं असतं तर स्प्लेंडर घेतली असती.”

खरी परीक्षा घरी झाली. दादांच्या आजीने अंगणात उभ्या गाडीला एक फेरी मारली, खालून वर पाहिलं आणि विचारलं, “आरं बाला, गारी घेतलीस का माला बांधलास?” तिला दवाखान्यात न्यायचं होतं. दार उघडलं तर सीट तिच्या छातीशी. “मना नाय चरता येत. शिरी आन.” शिडी आणली गेली नाही, पण आठवड्याभरात दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पायऱ्या बसल्या. त्या दाराखाली एवढ्या लटकतात की वर मिळवलेले इंच तिथेच खाली परत गेले. आजी अजून रिक्षानेच जाते. वहिनी साडी नेसून एकदाच चढल्या आणि उतरताना म्हणाल्या, “यापुढे लग्नाला ड्रेस.”

गणपतीत तर निराळाच प्रसंग. पाच वर्षं गावातल्या निम्म्या घरांचे बाप्पा दादांच्या जुन्या बोलेरो पिकअपमधून आले. नव्या गाडीचा हौदा आता माणसाच्या छातीएवढा. मूर्ती उचलून तिथवर नेणं म्हणजे चार जणांचे हात आणि बाकीच्यांचे जीव टांगणीला. मंडळाने एकमताने ठरवलं की बाप्पा छोट्या हत्तीतून येतील आणि दादा पुढे पायलट म्हणून चालतील. दादांना हे पसंत पडलं. मूर्तीची जबाबदारी गेली, मिरवणुकीतली जागा पुढे सरकली.

खारघरच्या एका टॉवरमध्ये रेतीचं बिल मागायला गेले, तेव्हा बेसमेंटच्या तोंडाशी आडव्या बांधलेल्या लोखंडी दांड्याने गाडीच्या टपावरचे दिवे अडवले. वॉचमन म्हणाला, “साहेब, गाडी बाहेर लावा.” मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वर विसाव्या मजल्यावरून कुणी पाहत असेल, तर त्याला ती पिकअप आणि मागची अल्टो सारख्याच चपट्या दिसल्या असतील.

दादांच्या भाच्याकडे या सगळ्यावर जागतिक उत्तर असतं. तो मोबाइल पुढे करतो. मेक्सिकोत बाहाच्या वाळवंटात १९६७ पासून शर्यत होते, तिथे वाट आधी पाहून येणाऱ्या पिकअपना प्रीरनर म्हणतात, आणि टोयोटाने १९९८ च्या सुमारास टाकोमाचं त्याच नावाचं मॉडेल काढलं : उंची फोर बाय फोरची, ओढ दोनच चाकांची. “म्हणजे कंपनीनेच केलंय, मामा!” भाचा खोटं बोलत नाही. फक्त तिथे कोरडी वाळू आणि वेग असतो, आणि इथे आषाढात भाताच्या खाचराशेजारची चिखलवाट असते.

ती चिखलवाट दादांना पहिल्याच पावसात भेटली. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, धबधबा पाहायला आलेल्या पोरापोरींच्या साक्षीने. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं, इंजिनावर. ढकलायचं काम मागच्या चाकांचं आणि त्यांच्यावर बोजा काहीच नाही. एक चाक चिखलात, एक खडकावर. साधा डिफरन्शियल अशा वेळी ग्रामसभेसारखा वागतो : ज्याचा पाय घसरलेला असतो तोच सगळ्यात जास्त गोल गोल फिरतो, आणि ज्याचे पाय जमिनीवर आहेत तो गप्प उभा राहतो. चिखलातलं चाक भुंग्यासारखं घरघरत राहिलं, पोरींच्या मोबाइलवर चिखल उडाला, दादा तसेच वर, चष्म्याआड. एवढ्यात दुधाचे कॅन घेतलेली एक जुनी पिकअप आली, ओझ्याने मागून दबलेली, आणि शांतपणे निघून गेली. शेवटी चुलतभावाचा ट्रॅक्टर आला. दादा म्हणाले, “टायर नवीन आहेत, अजून सेट व्हायचेत.”

कायद्याचं म्हणाल तर तो दादांच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढे लावलेला लोखंडी गार्ड तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंद केला आहे. दादांनी हिशेब केला : स्पेसर, ठोकळे, टायर, गार्ड, वरचे दिवे. “पंचवीस हजार,” ते म्हणाले, “म्हणजे एका टायरचे पैसे.” कैदेच्या कलमाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. तळोजा कारागृह ओव्याच्या शेजारीच आहे, येण्याजाण्याचा त्रास नाही, एवढाच विनोद केला.

आता एवढं हसून झाल्यावर एक सांगायला हवं. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दादांच्या आजोबांनी भात लावला तिथे आज सेक्टर आहेत. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून या पट्ट्याने आंदोलनं केली, १९८४ मध्ये जासईला माणसं गोळीबारात गेली. पुढे भूखंड आले, ते विकले गेले, पैसा आला. टॉवर वर गेले. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रोही डोक्यावरून जाते. ज्या गावात सगळंच वर जातंय, तिथे खालची जमीन गेलेल्या माणसाने स्वतःलाही तीन इंच वर घेतलं तर त्याला नुसता दिखाऊ म्हणून मोकळं होता येत नाही. ते तीन इंच त्याचे स्वतःचे आहेत, त्यांचं कुणी संपादन केलेलं नाही.

तरी पण उंची आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दादांचा सगळा खर्च पहिलीवर झाला आहे. तेव्हा तुमच्या घरात असा दादा तयार होत असेल, तर त्याला अडवू नका, तो अडायचा नाही. फक्त एवढं सांगा. आधी फोर बाय फोरचा भाव काढ आणि किट, टायर, दंड यांची बेरीज त्याच्या शेजारी मांड. उंचीआधी टायरकडे बघ, आणि मापही कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेलं घे. आरटीओत आणि विमा कंपनीत विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नकोस. अलाइनमेंट कर, आणि गाडी उंच झाली की हेडलाइटचा झोत खाली घे, समोरच्याचे डोळे जातात. आणि पावसाळ्यात हौद्यात मागच्या एक्सलवर रेतीची चार पोती नीट बांधून ठेव. रेती पुरवणाऱ्या माणसाची गाडी रेतीवाचून चिखलात अडकावी, एवढं तरी होऊ नये.